पिठाचे दोन डबे

प्रिय अम्मा,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला एकही पत्र लिहिलं नाही. आता ती अडचण उरली नाही, म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर आज कोर्टातून घरी आले, कोट खुंटीला लावला आणि कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. तुझा नंबर अजून त्यात आहे. तू गेल्याला वर्ष होत आलं तरी तो काढून टाकायचं जमलेलं नाही. शेवटी फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले.

आज मी एक केस जिंकले, अम्मा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लई शानी झालीस वकीलसाब, आधी हातपाय धू."

केस तुझ्यामाझ्यासारख्याच मायलेकींची होती. शेवंताबाई आपल्याच वस्तीत, मागच्या गल्लीत राहतात. तू करायचीस तेच काम करतात. त्यांची मुलगी आरती लातूरला नर्सिंग शिकते. ती सुट्टीला घरी आली आणि नेमकी तेव्हाच धाड पडली. पोलिसांनी पोरीचं वय विचारलं. तिनं एकोणीस सांगितलं. झालं! आईच्या घरी आईच्या ताटात जेवणारी पोर आरोपी झाली. कॉलेजनं सांगितलं, केस मिटल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही. शिक्षा झाली असती तर नर्स होणं कायमचं संपलं असतं.

आपल्या कायद्याची तऱ्हा बघ. सज्ञान बाईनं स्वतःच्या खोलीत धंदा करणं हा तसा गुन्हा नाही. पण तिच्या कमाईवर अठरा वर्षांवरचं कुणी जगत असेल तर तो गुन्हा. कलमात दलाल असं लिहिलेलं नाही, नवरा असं नाही. "कोणीही" असं लिहिलंय. त्या कोणीहीमध्ये म्हातारी आई येते, आजारी भाऊ येतो आणि शिकणारी लेकही येते.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं ते लातूरच्या कॉलेजात. सर शिकवत होते, पोरं वहीत उतरवून घेत होती, मी तेवढी पेन धरून बसले होते. मला नुकतंच एकोणिसावं लागलं होतं. म्हणजे वर्गात बसलेली मी कायद्यानं गुन्हेगार होते, आणि गुन्हा काय, तर तू पाठवलेला चिवडा खाल्ला! तुला कळलं तर तू घाबरशील म्हणून मी हे तुला कधीच सांगितलं नाही. शिकवण्या धरल्या आणि तुला म्हणाले, आता मला काही पाठवू नकोस, माझं भागतं. तू एका शब्दानंही का म्हणून विचारलं नाहीस. तेव्हा मला ते फार लागलं होतं.

आणि ते पिठाचे डबे?

त्याच सुमारास मी दिवाळीला नांदेडला आले, तर आपल्या खोलीत एकाचे दोन डबे झालेले. एक जुना, तेलाचा पत्र्याचा. दुसरा नवा, झाकणाला फडकं बांधलेला. तवेही दोन. माझ्या भाकरी नव्या डब्यातल्या पिठाच्या, तुझ्या जुन्या डब्यातल्या. चुकून मी तुझ्या परातीत हात घातला तर तू हात धरून बाजूला केलास. माझ्या ताटातला घास तुला देऊ लागले तर म्हणालीस, "तुझं तू खा, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू, तुझ्या माहेरच्या तेलुगूतलं. एरवी तो शब्द ऐकला की मी विरघळायची. त्या दिवशी मात्र डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोर शिकली तशी ही स्वतःला विटाळ समजायला लागली. त्यावरून मी तुझ्याशी किती भांडले! तू हसायचीस आणि भाकरी उलटायचीस. वर्षानुवर्षं हेच चाललं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी बशीरचाचा आले. मोंढ्याच्या बाजारात ज्यांच्या खानावळीत तू रोज सकाळी भाकरी थापायला जायचीस, तेच. मला वाटायचं, तू तिथं चार माणसांत बसायला मिळतं म्हणून जातेस. चाचांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "बेटी, तेरी अम्मा मेरेसे पैसा कब्बी ली नै. बोलती थी, भाई, आटा देओ, दाल देओ. ये मेरी बेटी का है, इसमें मेरे धंदे का एक दाना बी मिलना नक्को."

मग सगळं बाहेर आलं. माझं अठरावं सरल्यावर तुला कुण्या पोलिसानं सांगितलं होतं, आता पोरगी तुझ्या कमाईचं खाऊन राहिली तर तिलाही आत घालता येतं. तू कुणाला काही विचारलं नाहीस. चाचांच्या खानावळीत उभी राहिलीस आणि मजुरी पिठात मागून घेतलीस. माझं पीठ वेगळं, तुझं वेगळं. माझा तवा वेगळा, तुझा वेगळा.

अगं अम्मा, कायदा काय डब्यात हात घालून पीठ बघणार होता? कोणता जज विचारणार होता, ही ज्वारी कुठली म्हणून? अंगावरची साडी त्याच कमाईची, डोक्यावरचं छप्पर त्याच कमाईचं, आणि तू पीठ तेवढं वेगळं काढलंस! मी वकील, तुझ्यासमोर बसलेली. एकदा तरी विचारायचंस. मी म्हटलं असतं, हे असलं काही चालत नाही, ये, एका ताटात जेवू. तू ते कलम माझ्यापासून लपवलंस, मी तुझ्यापासून. दोघी एकाच धाकानं गप्प राहिलो आणि एकमेकींशेजारी वेगवेगळ्या ताटांत जेवलो. मला आता या गोष्टीचा तुझ्यावर राग येतो, आणि राग येऊन झाला की रडू येतं.

मागच्या महिन्यात लातूरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये या कायद्यावर चर्चा होती. मी मागच्या रांगेत बसले होते. एक बाई तळमळीनं बोलल्या. म्हणाल्या, या धंद्यात मर्जी असूच शकत नाही, प्रत्येक बाई फसवून आणलेली, हे सगळं बंदच झालं पाहिजे. दुसऱ्या बाईही तेवढ्याच तळमळीनं बोलल्या. सज्ञान बाईनं ठरवलं तर ते काम आहे, तिला सोडवायला जाणारे तुम्ही कोण? टाळ्या दोघींना पडल्या. मला दोघींच्या बोलण्यात तू दिसलीस आणि दोघींच्या बोलण्यातून तू निम्मी गळालीस.

तुला फसवूनच आणलं होतं. धर्माबादला मिरचीचे देठ खुडायचं काम आहे म्हणून तुझ्या आईच्या चुलत भावानं तुला गावातून उचललं. तुझं वय तेव्हा पंधरा-सोळा. धर्माबाद मागं पडलं तरी गाडी थांबेना, तेव्हा तू विचारलंस, मामा, मिरची कुठं हाय? हे तू मला एकदाच सांगितलंस, भांडी घासता घासता, मान वर न करता. त्या मामावर कधी केस झाली नाही. तो गावात मानानं जगला. कायद्याला तो सापडला नाही, आरती मात्र सापडली! माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो इथं.

आणि तरीही, मी तिसरीत असताना तुला धाडीत पकडून सुधारगृहात नेलं, तेव्हा सुटून आल्यावर तू परत आपल्याच खोलीत राहायला आलीस. तेवढे महिने मला चाचांच्या बायकोनं सांभाळलं. सुधारगृहात शिवण शिकवत होते, दोन वेळचं देत होते, तरी तू तिथलं नाव काढलं की तोंड फिरवायचीस. म्हणायचीस, मामानं टाकलं त्या खोलीला कडी बाहेरून होती, सुधारगृहाला पण बाहेरून. ही माझी खोली, हिची कडी आतून हाय.

पुढं एकदा एक समाजसेविका ताई आल्या होत्या. फार साध्या, सालस. त्यांनी तुला विचारलं, तुम्ही यात मर्जीनं आलात का? तू म्हणालीस, "आले तवा कुणी इचारलं न्हाई. आता तुमी इचारून राहिलात, तर आता ऱ्हाते म्हणते." ताई गोंधळल्या. मग मी नेमकं काय समजू, म्हणाल्या. तू चहाचा कप त्यांच्यासमोर सरकवलास आणि म्हणालीस, दोन्ही खरंच हाय.

मला तुझं हे उत्तर पूर्ण पटत नाही, आजही नाही. तू राहते म्हणालीस तेव्हा तुझ्यासाठी दुसरा कोणता दरवाजा उघडा होता? कोण तुला घरकामाला ठेवणार होतं? माहेरी कोण उंबरा ओलांडू देणार होतं? बाकी सगळे दरवाजे बंद असताना उरलेल्या एका दारातून आत जायचं, त्याला मर्जी म्हणायचं का? पण मग असंही वाटतं, तुझ्या आयुष्यात जेवढं तुझ्या हातात होतं तेवढं तू ठरवलंस. तेही मी तुझं नाही म्हणायला लागले, तर तुला न विचारणाऱ्या माणसांत माझीही भर पडली. बघ, वाद घालायला तू नाहीस तरी मी घालतेच आहे.

आज कोर्टात सरकारी वकील म्हणाले, कायद्यात मुलांना वगळलेलं नाही. ते खरंच होतं, मी नाकारलं नाही. मी एवढंच म्हणाले, बाईला धाकात ठेवून तिच्या जिवावर खाणाऱ्या माणसासाठी हे कलम आहे, साहेब. जिला बाई स्वतः भरवते ती त्यात बसत नाही. जजसाहेबांनी मान वर करून पाहिलं. शेवंताबाई मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. पोरगी आरोपीच्या जागी. दोघींनी एकमेकींकडे एकदाही पाहिलं नाही.

आरती सुटली. पण कलमाचं काय, हे जजसाहेबांनी ठरवलं नाही. पोरगी घरात सापडली यापलीकडे कागदावर काही पुरावा नाही, म्हणून तिला केसमधून वगळलं. ती परीक्षेला बसेल. लेक या कलमात बसत नाही, हे मला पाहिजे होतं ते वाक्य मात्र काही मिळालं नाही.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली आलो. शेवंताबाईंनी पदराआडून एक फडकं काढलं. धपाटे होते, सकाळी केलेले, वर दह्याची डबी. आरती बाजूला उभी होती. मला वाटलं, आता लेकीला जवळ घेतील. त्या फडकं तसंच धरून माझ्याकडे आल्या आणि हळूच विचारलं,

"वकीलबाई, आता म्या हिला खाऊ घालू का? का अजून कायदा हाय?"

अम्मा, मी आजवर साक्षीदारांना, पोलिसांना, जजना उत्तरं दिली. हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. खोटं सांगायचं नव्हतं. म्हणाले, "कायदा हाय, मावशी. तरी घाला."

शेवंताबाई पोरीकडे बघत राहिल्या. पोरगी माझ्याकडे. दोघींपैकी कुणाचाच हात पुढं होईना. तेव्हा मी खाली बसले, कोट घातलेला असताना, धुळीत. फडक्यातला एक धपाटा उचलला आणि खायला लागले. मी सज्ञान आहे, ते कलम मला पाठ आहे, आणि हे पीठ कोणत्या कमाईचं ते मला नीट ठाऊक होतं. येणारे-जाणारे वकील बघत होते. मग आरती माझ्या शेजारी बसली. शेवंताबाईंनी तिला पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला आणि त्या मोठ्यानं रडायला लागल्या.

तुझ्या हातून असा घास मला अठराव्यानंतर मिळालाच नाही, अम्मा.

पुढच्या महिन्यात लातूरला पुन्हा तीच चर्चा आहे. या वेळी मला बोलायला बोलावलंय, वकील म्हणून. मी तुला शब्द देते, मी तिथं वकील म्हणून सुरुवात करणार नाही. तुझं नाव घेईन, गंगामणी म्हणून. तुला विकलं ते सांगेन, ज्यानं विकलं त्याचं नातं सांगेन. तू पुढं राहिलीस तेही सांगेन. एका बाजूच्या टाळ्यांसाठी दुसरं गाळणार नाही. आणि त्या कलमातून लेकरं वगळली जाईपर्यंत मी जिथं मिळेल तिथं भांडेन. लोक विचारतील, तुम्ही कुणाच्या जिवावर शिकलात? मी मान वर करून सांगेन.

तुझ्या कमाईवर वाढलेली,
तुझी लेक
सविता