दुकान वाढवीत आहोत

तात्या, काल सकाळी साडेसहाला आपल्या दुकानासमोर नऊ बायका, एक नारळ आणि झेंडूचा हार एवढं सगळं येऊन उभं राहिलं, आणि ते तुमच्यामुळं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली म्हणून सुटाल असं समजू नका. मी बोलतेय आणि तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाहीये, असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, तेव्हा मी जरा सावकाशच सांगणार आहे.

सुरुवात त्या फळीपासून करते. तुमच्या वेळी दुकानाला शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या, आणि वरच्या पाटीवर तुम्हीच हौसेनं रंगवून घेतलं होतं, 'बांगड्यांचे दुकान, वेळ सकाळी ९ ते रात्री ८'. ती वेळ अख्ख्या घोडेगावात कुणी वाचली असेल तर फक्त रंगाऱ्यानं. तळेघरकडची पहिली यष्टी साडेसहाच्या आसपास यायची, आणि तिच्यातून उतरलेल्या बायका कचेरीत, दवाखान्यात, बाजारात कुठंही जायच्या आधी आपल्या पायरीवर येऊन बसायच्या. बाकी सगळं उशिरा उघडायचं, आणि आपण दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक. दार कुणी वाजवायचं नाही. दार वाजवणं वाईट दिसतं. त्या खोकायच्या. एक खोकली की दुसरी खोकायची, मग तिसरी म्हणायची, 'निजू द्या गं, मानसं दमत्यात.' हे इतक्या मोठ्यानं की समोरच्या चहावाल्याचं कुत्रं उठून बसायचं. आई चुलीपुढून म्हणायची, 'आज जायचं न्हाई. नऊ म्हंजी नऊ.' तुम्ही तोंडात दंतमंजन तसंच धरून तिच्याकडं बघत मान डोलवायचात, आणि जाऊन पहिली फळी काढायचात.

एकच फळी. 'एक फळी काढली म्हंजी दुकान उघडलं न्हाई,' असा तुमचा कायदा. त्या वीतभर फटीतून एक हात आत यायचा. बाईचं तोंड दिसायचं नाही, आणि फेसामुळं तुम्हाला बोलता यायचं नाही. हात दाबून, अंगठा आत वळवून तुम्ही हिरव्या बांगड्या चढवायचात आणि तळहातावर टिचकी मारायचात, म्हणजे झालं, दुसरा आण. भातलावणी उरकलेला, चिखलानं बोटांच्या बेचक्या खाल्लेला हात आला की तुम्ही साबण बाजूला ठेवून खोबरेल लावायचात. एकदा मात्र रिकामं भांडं घ्यायला दूधवाल्यानं फटीतून हात घातला, आणि तुम्ही अर्धवट झोपेत त्याला दोन चढवल्यासुद्धा. तो बिचारा बाहेरून म्हणतोय, 'तात्या, भांडं द्या, आन् ह्या काढा.' आई त्यानंतर आठवडाभर त्याला वहिनी म्हणत होती.

माझं लग्न ठरायच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा हात माझ्या हातात दिलात. नवरी होती, सोबत सात-आठ जणी, आणि माझ्या हातून एक बांगडी कडकन गेली. मी ओरडले, 'अगं बाई, फुटली.' सोबतच्या जणींनी नवरीचा हात मागं ओढला. तुम्ही मला मागं नेलंत, माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबलात आणि दबक्या आवाजात म्हणालात, 'बांगडी फुटत न्हाई. बांगडी वाढती. ध्यानात ठिव.' मी गूळ चघळत विचारलं, 'आणि दुकान बंद करताना?' तर म्हणालात, 'दुकान बंद व्हत न्हाई. वाढवायचं असतं. ह्या उंबऱ्याच्या आत बंद हा शब्द काढायचा न्हाई, मी आसंन तवा बी आन् नसंन तवा बी.' मला हसू आलं होतं. पुढं तुम्ही गेलात आणि बायकांनी आईच्या बांगड्या वाढवल्या, तेव्हा तो शब्द मला कळला. त्या बांगड्या मीच भरल्या होत्या तिला. मी तेव्हा फुटली म्हणाले नाही, एवढं तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

मला तुम्ही अवसरी बुद्रुकला दिलंत, पण आईला एकटीला जमेना म्हणून आम्ही दोघं बिऱ्हाड घेऊन इथंच आलो. ह्यांनी फळ्या काढून शटर बसवलं. मी मनात म्हटलं, चला, शटरला फट नसते, आता तरी नऊ वाजेपर्यंत निजायला मिळेल. कसलं काय. खोकला सुरू झाला की मी आतून ओरडायचे, शटर वीतभर वर करायचे, आणि खालून हात यायचा. तुम्ही उभ्यानं भरायचात, मला फरशीवर बसावं लागायचं. गुडघे त्यातच गेले, तात्या. लेण्याद्रीच्या पायऱ्या राहू द्या, आपल्या दुकानाची पायरीसुद्धा मला आता जड जाते.

त्या सगळ्यांत एक तळेघरची मावशी. ही तुमच्या फळीपासूनची. मी म्हणायचे, 'मावशी, दुकान नऊला उघडतं.'

'उघडू नका की,' ती म्हणायची. 'मी कुटं उघडा म्हन्ते? निस्ता हात तेवढा भरा.'

मी आपली फरशीवर बसायचे. तुम्ही तरी तिला कधी परत पाठवलंत का?

तर या वर्षी ठरवलं. लेक पुण्याला आहे, तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, ती रोज फोनवर म्हणते, आई, पुरे आता. हेही म्हणाले, पुरे. मग मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शटरला लावायला सूचना लिहायला बसले. 'दुकान कायमचे' इथपर्यंत लिहिलं आणि पेन अडलं. पुढचा शब्द काही केल्या उतरेना, तोंडात गुळाची चव यायला लागली. शेवटी लिहिलं, 'सर्व गिऱ्हाइकांस कळवण्यात येते की सोमवारपासून आम्ही दुकान कायमचे वाढवीत आहोत. इतकी वर्षे आलात, लोभ असावा.' वाचून मला स्वतःलाच भरून आलं. समोरच्या चहावाल्यानं फोटो काढून तो व्हॉट्सॲपवर टाकला. मला वाटलं, आता दोन-चार जणी येतील, डोळे पुसतील, आणि आपण मोकळ्या.

सोमवार म्हणजे काल. साडेसहाला खोकला नाही, चक्क हसण्याचा आवाज. मी शटर गुडघ्याएवढं वर करून वाकून बघते तर नऊ जोड्या चपला, नव्या साड्यांचे काठ आणि कुणाच्या तरी हातात लोंबणारा हार.

'ताई, अभिनंदन,' गल्लीच्या तोंडाशी राहणारी शिंपीण म्हणाली. 'शेजारचा गाळा घेतला का वर मजला चढवताय?'

'कसला मजला?'

'आता नका लपवू. लिवलंय की तुमी. कायमचं वाढवताय, म्हंजी पक्कं बांधकाम आसंल.'

'येशी बसवा राव, गार हवेचा,' मागून एक जण. 'उन्हाळ्यात हात सुजत्यात, लई तरास व्हतो.'

माझ्या पाठीमागं हे दात घासायचा ब्रश घेऊन उभे. म्हणाले, 'मी सांगत होतो, सरळ बंद लिही.' मी म्हटलं, 'ह्या उंबऱ्याच्या आत नाही.' तोवर शिंपिणीनं पायरीवर नारळ वाढवलासुद्धा. नारळ वाढवला म्हणजे काय झालं, ते मात्र सगळ्यांना बरोबर समजत होतं. खोबऱ्याचा तुकडा शटरखालून माझ्या हातात आला, आणि मी तो खाल्ला. आता तोंडात खोबरं असताना कसं सांगायचं, की बायांनो, हे उद्घाटन नाही?

मावशीही आली होती. पायरीच्या कडेला काठी घेऊन बसलेली, ना हसत होती, ना खोकत होती. मी खालूनच विचारलं, 'मावशी, तुम्ही का गप्प?'

ती वाकली आणि हळूच म्हणाली, 'नातीनं वाचून दावलं. म्हनली, आज्जे, दुकान मोट्टं व्हनार. म्या म्हनलं, येडे, तात्याच्या लेकीनं लिवलंय ते. तिला बंद म्हनाया येत न्हाई.' मग हात पुढं केला. 'म्हनून पहिली यष्टी धरली. म्हातारा हाय तवर हात मोकळा ठिवायचा न्हाई, आन् दुसऱ्या कुनाकडनं भरायची मला सवय न्हाई. उघडू नका. निस्ता हात भरा.'

तात्या, मला फार वाईट वाटलं. नऊ जणींत एकटीला माझी सूचना वाचता आली, आणि तिला अक्षर येत नाही. मी उठले, गुडघे धरून का होईना उठले, आणि शटर पार वरपर्यंत ढकललं. तेव्हा सहा चाळीस झाले होते. इतक्या लवकर आपलं दुकान पुरतं कधीच उघडलं नव्हतं, तुमच्या काळातही नाही. मावशीला आत आणून स्टुलावर बसवलं. तिचा दोन-सहा मापाचा हात आटून आता दोन-चारचा झालाय. साबण लागलाच नाही. भरताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि एक बांगडी कडकन गेली. 'वाढली,' आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि बाकीच्यांना वाटलं, दुकानाचंच चाललंय, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना ती म्हणाली, 'फुडच्या येळंला कुनीकडं जाऊ, येवढं तरी सांगा.'

मी उरलेल्या बांगड्या खोक्यात ठेवल्या. मग म्हटलं, 'इथंच या. पण नऊला या.'

'नऊला कशी यीन?' ती म्हणाली. 'यष्टी साडेसहाला येती.'

आज मंगळवार. सूचना अजून शटरवर आहे, कारण ती काढली तर का काढली ते सांगावं लागेल. शिंपीण काल संध्याकाळी विचारून गेली, गवंडी कोण ठरवलाय. लेकीला अजून काही कळवलेलं नाही. हे पत्र दोन-दहाच्या खोक्यात ठेवणार आहे, त्या मापाला गिऱ्हाईक येत नाही. फक्त एक तुम्हाला सांगते, ह्यांना सांगू नका. इतकी वर्षं मी त्या बायकांवर ओरडले, पण कुणी खोकायच्या आधीच मी रोज जागी असायचे. आज तर सव्वापाचपासून दुकानात येऊन बसलेय. शटर वीतभर वर करून दोनदा वाकून बघितलं. साडेसहा होऊन गेले, यष्टी येऊन गेल्याचा आवाजही ऐकला, पण पायरीवर अजून कुणी नाही. मघाशी मीच एकदा आतून खोकून बघितलं.