खंडेनवमीला बिघडलेला स्मार्ट बोर्ड

दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. प्राचार्या डॉ. नीला उमाळकर,
अध्यापक शिक्षण महाविद्यालय,
चंदीगड.

विषय : दि. १४ ऑक्टोबर रोजीच्या स्मार्ट बोर्डवरील सराव पाठातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : १) सराव पाठाच्या नव्या तारखेची सूचना. २) प्रयोगशाळा परिचर श्री. नरेश यांना दिलेली खुलाशाची नोटीस (हिचा संबंध परिच्छेद ४ मध्ये येतो. कृपया तोवर वाचावे.)

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी बी.एड. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून माझे वय सेहेचाळीस आहे. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायचा असतो हे मला माहीत आहे. परंतु घाबरले की मला मराठीखेरीज दुसरी भाषा सुचत नाही, आणि आपण अकोल्याच्या आहात हे गणपतीच्या आरतीला येथील महाराष्ट्र मंडळात कळले होते. तेव्हा मराठीतच लिहीत आहे.

१. सूट मागण्याचे पहिले कारण प्रकृतीचे आहे. सूचना वाचल्यापासून मला जेवण जात नाही आणि डावा खांदा दुखतो. मी उजव्या हाताने लिहिते, हे खरे आहे. तरीही खांदा दुखतो.

२. सदर पाठ आधी १० तारखेस होता. वर्गातील विवाहित मुलींचा त्या दिवशी करवा चौथचा निर्जळी उपवास असल्याने आपण तो १४ वर नेलात. आमच्याकडे हे व्रत नाही. तथापि १४ तारखेस उपवास असल्याचे कारण ग्राह्य धरले जात असेल, तर मी तो धरण्यास तयार आहे. कोणता धरावा ते कार्यालयाने कळवावे.

३. तिसरे कारण लाजेचे आहे. मी गेली अकरा वर्षे आपल्या मंडळाच्या मुलांना रविवारी मराठी शिकवते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देतात, पण शिकतात. हातात खडू असला की मला कुणाची भीती नाही. पदवीशिवाय शाळा दारात उभे करत नाहीत म्हणून या वयात प्रवेश घेतला. पहिल्याच आठवड्यात तासाच्या मॅडमनी फोन स्मार्ट बोर्डाला जोडायला सांगितला. मी जोडला, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर माझे नि माझ्या बहिणीचे बोलणे उमटले. त्यात मी लिहिले होते की या पोरींपुढे माझी शोभा होणार आहे. पोरींना मराठी येत नाही, पण देवनागरी वाचता येते. कुणी हसले नाही, उलट एकीने पाणी आणून दिले. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

माझे यजमान श्री. शिशिर सेक्टर ३० च्या प्रयोगशाळेत उपकरणे तयार करतात. त्यांचे म्हणणे, यंत्र आहे, चावत नाही. हे वाक्य ते मिक्सरपासून आजतागायत सांगत आले आहेत. मिक्सरचे झाकण उडून चटणी छतावर गेली होती, तेव्हाही हेच म्हणाले होते.

४. आता खरे कारण लिहिते.

नरेशजींना माझी अवस्था दिसत होती. त्यांनी होऊनच सांगितले की मॅडमजी, सकाळी आठला या, खोली उघडून देतो, एकट्या सराव करा. मी दहा-बारा दिवस गेले. बोर्ड चालू करणे, पान उलटणे, बोटाने लिहिणे इतके जमले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालते त्या हत्यारांची पूजा करतात. यजमान मल्टीमीटर पुजतात, मी खडूची पेटी पुजत आले. यंदा वाटले की आपले हत्यार आता हा बोर्ड. याला हात जोडले तर कदाचित भीती जाईल. नरेशजी चहाला गेले असता मी बोर्डाच्या चारही कडांना हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले आणि नमस्कार केला. मग फूल उचलले, ओल्या फडक्याने कडा पुसल्या आणि वर्गात गेले.

सुट्टीनंतर बोर्ड आपोआप लिहू लागला. मध्यभागी बोट ठेवले तर रेघ कोपऱ्यात उमटते. यजमानांना मी एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून विचारले. ते म्हणाले, बोट कुठे आहे हे बोर्डाला कडांमधल्या किरणांवरून कळते, तिथे पूड बसली की तो भ्रमिष्टासारखा वागतो. पुढे म्हणाले, तुझ्या मैत्रिणीला म्हणावे, ओले फडके तरी मारायचे नव्हते.

कार्यालयास कडांत पिवळी पूड सापडली आणि संशय नरेशजींच्या डब्यातील भाजीवर आला. ते प्रयोगशाळेत बसून जेवतात आणि हात न धुता बोर्ड पुसतात, असे नोटिशीत आहे. आज सकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले म्हणून खुलासा लिहून मागितला. वर हेही म्हणाले की तुमच्या सकाळच्या सरावाचे त्यात घालू नका, विनाकारण तुमच्यामागे लचांड लागेल. मी 'सविनय निवेदन है कि' एवढे लिहिले. पुढे हात चालेना. पेन संपले असे खोटे सांगून मी तेथून पळाले. त्यांनी मागून स्वतःचे पेन आणून दिले.

महोदया, त्या पेनानेच हा अर्ज लिहीत आहे. मला फार भीती वाटते. प्रयोगशाळेच्या नियमावलीत, परवानगीविना उपकरण हाताळून बिघाड केल्यास प्रवेश रद्द, असे स्पष्ट आहे. मी ते वाचून खाली सही केलेली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्याचे धैर्य माझ्यात उरणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही बोर्ड मी बिघडवला. नरेशजींच्या डब्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्यांची नोटीस आजच मागे घ्यावी. उद्यापर्यंत थांबल्यास मी हा अर्ज परत मागायला येईन, आणि कृपया तो देऊ नये.

विषयात मागितलेली सूट रद्द समजावी. कागद बदलून नव्याने लिहायला बसले तर परिच्छेद ४ गळून जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून विषय तसाच ठेवला आहे. प्रवेश राहिल्यास १४ तारखेस माझा पाठ पहिल्या क्रमांकावर घ्यावा. दुसरा क्रमांक मिळाल्यास मी तेवढ्या वेळात घरी निघून जाईन.

आपली नम्र, आणि सध्या फार घाबरलेली,

शुभदा शिशिर पाटणकर
बी.एड. प्रथम वर्ष, हजेरी क्र. ४१

सोबत : महाविद्यालयाचे ओळखपत्र (मूळ). प्रवेश रद्द झाल्यास ठेवून घ्यावे. न झाल्यास १४ तारखेस सकाळी आठपूर्वी फाटकावरील चौकीत पाठवावे, त्याशिवाय चौकीदार आत सोडत नाहीत.