एकोणचाळीस आशीर्वाद आणि एक काठी

ब्रइला, रविवार, जेवणानंतर

ती. स्मारांदाताईस,

तिबीचा दोन्ही हात जोडून (म्हणजे माऊस बाजूला ठेवून) नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? क्लूजच्या थंडीत फार कुरकुरतो असं आईकडून कळलं. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा रक्तदाब ताब्यात आहे, माझं पोट नाही. अठरा वर्षांत आपण एकमेकांना ईस्टरच्या दोन ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही.

झालं असं, की कॉम्प्युटरवरचा आपला जुना खेळ कंपनीने परत उघडलाय. दोन हजार सहा साली होता तस्साच, सगळ्या खोडींसकट. कोस्टिनने (आपला वेल्डर कोस्टिन गं, जो ढाल घेऊन ड्रॅगनच्या तोंडाशी उभा राहायचा आणि मधेच शेगडी पेटवायला खाली जायचा) मला भर मासळीबाजारात गाठलं आणि बोंबलला, "तिबी, लेका, आहेस कुठे? आपला ड्रॅगन परत आलाय!" मासळीवाली कार्प तोलता तोलता थबकली. मी पैसे देऊन मासा तिथेच विसरून आलो, आणि त्या दिवशी आम्ही बटाटे खाल्ले.

मधल्या काळात मी नवा खेळही खेळून पाहिला. तिथे म्हणे समतोल आहे. ढालवाला स्वतःची जखम स्वतः भरतो, वैद्य तलवार चालवतो, जादूगार मेला तर आपला आपण उठतो. सगळ्यांना सगळं येतं, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडत नाही. अनोळखी माणसं जमतात, ड्रॅगन मारतात आणि हूं की चूं न करता चालती होतात. आपल्या वेळी कसला समतोल नि कसलं काय! तू जादूगारीण, तू हात उचललास की पर्वत हलायचा. माझा धर्मयोद्धा नुसता नावाचा योद्धा. त्याच्या गदेने कोंबडी मारायची तरी दुपार जायची. त्याचं काम एकच, आशीर्वाद देणं. एकोणचाळीस जणांना, एकेकाला, आणि तो टिकणार पाच मिनिटं! शेवटच्याला देऊन होईतो पहिल्याचा संपलेला. आठ महिने दर शनिवारी मी त्या ड्रॅगनसमोर उभा होतो, आणि त्याचा रंग कोणता हे मला आजही माहीत नाही. मी पाहिली ती फक्त नावांची यादी. ती नावं मात्र मला अजून क्रमाने पाठ आहेत (बायकोचा वाढदिवस नाही, असं तिचं म्हणणं). एकदा मी सर्दीने झोपलो आणि तुम्ही माझ्याशिवाय गेलात, तर एकूण एक आडवे झालात, आठवतं? मला तसा आनंद पुन्हा झालेला नाही.

आणि पारास्किवाबाईंचा गालिचा? पोरांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ओढलेली आपली इंटरनेटची तार अंगणातल्या गालिचे झोडपायच्या लोखंडी चौकटीवरून जायची. बाईंनी शनिवारचा गालिचा टाकून पहिला धपाटा घातला की खेळातून आपली अर्धी टोळी गायब. मग तू चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडायचीस, "बाई, दहा मिनिटं थांबा हो, ड्रॅगन अर्धा मेलाय!" आणि त्या खालून, "मग उरलेला संध्याकाळी मारा! माझ्याकडे व्याही यायचेत!"

आता काठीचं. (इतका वेळ टाळत होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल.) आठ महिने तू टोळीची पुढारी म्हणून, मेलेल्या ड्रॅगनकडून पडणारी लूट सगळ्यांना वाटलीस, कोस्टिनला ढाल, याला तलवार, त्याला चिलखत. तुझी जादूगाराची काठी काही पडेना. त्या शनिवारी पडली. तुझा नियम साधा होता: ज्याच्या कामाची वस्तू त्याने 'हवं' दाबायचं, बाकीच्यांनी 'नको'. लुटीला कुलूपबंदी कशाला, आपलीच माणसं आहेत, म्हणायचीस. अडतीस जणांनी 'नको' दाबलं. तू 'हवं' दाबलंस. आणि आशीर्वाद देता देता माझं बोट घसरलं. दोघांनी 'हवं' म्हटलं की खेळ शंभरापर्यंतचे फासे टाकतो. फासे पडले, तुझे शहाण्णव, माझे सत्त्याण्णव. काठी माझ्या झोळीत, आणि एकदा झोळीत आलेली वस्तू दुसऱ्याला देता येत नाही. धर्मयोद्ध्याला ती हातात धरतासुद्धा येत नाही गं! सातवीच्या अख्ख्या वर्गाला एका 'श्श'ने गप्प करणारी तू, मला एक शब्द बोलली नाहीस. "ठीक आहे" म्हणालीस, सगळ्यांचे आभार मानलेस आणि गेलीस. पुढच्या शनिवारी आली नाहीस. सप्टेंबरात क्लूजच्या शाळेत शिकवायला गेलीस. महिन्याभरात टोळी मोडली. तिबीने मुद्दाम केलं, असं लोक म्हणाले. मी म्हटलं, बोट घसरलं. आजही तेच म्हणतो.

गुडघ्याला गरम मीठ बांध. आईने तुला जवळ घेतलंय असं समज.

तुझा धाकटा,
तिबी

ता. क. येत्या शनिवारी पाच वाजता जमायचं ठरलंय. एकोणीस जण मिळालेत, टकलं आणि चष्मे धरून. पुढारी कोण, यावर सगळे गप्प आहेत. ताईला विचार, असं कोस्टिन मला रोज सांगतो. विचारतोय.

ता. क. दुसरा. ताई, बोट घसरलं नव्हतं. त्या दिवशी ड्रॅगनकडे निघण्याआधी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आशीर्वाद काय, कुणीही देईल, तिबीच्या जागी आणखी एक जादूगार घेतला तर ड्रॅगन चार मिनिटं आधी मरेल. तुझं गणित बरोबर होतं, ते कधी चुकतच नाही. पण माझ्याजवळ तेवढं एकच होतं गं. मी बघून, समजून 'हवं' दाबलं, आणि दाबल्यावर फासे थांबेपर्यंत मनात म्हणत होतो, मी हरू दे. शनिवारी हे सगळ्यांना सांगणार आहे. तू ऐकायला हवीस. त्या एकोणीस जणांसमोर वाटेल तेवढी रागव, मी हूं करणार नाही. पण ये.