शपथेवर परक्या

व्हर्नाबाई,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. कागद द्यायला अनादार्कोच्या कोर्टात चाललेय. कॉर्नब्रेड ओव्हनमध्ये आहे. आधी गोळी घ्या.

आजोबांनी शेत विकलं, पण जमिनीखालचं तेल आपल्याच नावावर ठेवलं. त्याची रॉयल्टी इतकी वर्षं सरकारकडे बेवारस पडून होती. ती सोडवायला, बाबांच्या मागे वारस मीच एकटी हे सांगणारा, बाबांना ओळखणारा, पण नात्यात नसलेला साक्षीदार हवा होता. काल तुम्ही शपथेवर लिहून दिलंत, 'मी त्यांची कोणी लागत नाही.' बावीस वर्षं बाबांचं सगळं केलंत, आणि सही करताना हातसुद्धा थांबला नाही.

बाबांशी लग्न झालं असतं, तर आज तुम्हीही वाटेकरी असता. ते मीच होऊ दिलं नाही. काल कारकुनापुढे तुम्ही त्याचा चकार शब्द काढला नाहीत. माझ्यापुढेही कधी काढला नाहीत.

तुमचे उपकार फिटायचे नाहीत. दफनभूमीत बाबांच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी राखली होती. येताना ती तुमच्या नावावर करून येते. नको म्हणू नका. तिथे सही माझी एकटीची लागते, तुम्हाला कुणी विचारणार नाही.

ट्वायला