पहिलं शील

प्रिय आक्कास,
भीमराजचा दिल्लीहून जय भीम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, फक्त इथल्या आचाऱ्याला बाजरीची भाकरी जमत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? शेवगावच्या डॉक्टरांना दाखवलंस का?

परवा फोनवर तू म्हणालीस, "अपक्ष हुतास, तरी राष्ट्रपती झालास. मंग तोंड पाडून का बसतूस?" त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

मोठे पक्ष एकमेकांवर रुसले आणि दुसऱ्या पसंतीची मतं माझ्या पारड्यात पडली. मी निवडून येईन असं कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

इथं एका आईचा दयेचा अर्ज आला होता. तिच्या मुलाला फाशीची शिक्षा आहे. अर्ज फेटाळा, असा सरकारचा सल्ला होता. मी फेरविचाराला परत पाठवला. त्यांनी पुन्हा तेच कळवलं. दुसऱ्यांदा आलेला सल्ला राष्ट्रपतीला मानावाच लागतो. घटनेतच तसं आहे, आणि घटनेचा शब्द आपल्या घरात कुणी मोडत नाही.

काल मी सही केली.

आज पौर्णिमा. सकाळी वंदनेला एकटाच बसलो. पंचशीलातलं पहिलंच शील, जीवहत्या करणार नाही, तोंडातून निघेना. दुसऱ्यापासून म्हटलं.

दर पौर्णिमेला तू विहारात माझ्या नावानं मेणबत्ती लावतेस. पुढच्या खेपेपासून त्या पोराच्या नावानं लाव. आज तो अजून जिवंत आहे.

गावात कुणी विचारलं, तर मी खुशाल आहे म्हणून सांग.

तुझा धाकटा,
भीमराज