दोन तलवारी आणि दोन कात्र्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, गल्लीत 'टेलरबाई' म्हणून ओळखली जाणारी, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. एरवी हे वाक्य असल्या कागदात रिवाज म्हणून असते. मला ते लढून मिळवावे लागले. हकीकत कलम ५ मध्ये आहे. आधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

कलम १. राहते घर मुलाला. वरच्या खोलीतली ओल त्याने आधी बघावी. मी दहा वर्षे सांगते आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि नात यांना निम्मी निम्मी.

कलम ३. दुकानात खिळ्याला टांगलेली लाकडी पट्टी माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. मी जन्माची डावखुरी. डाव्या हातात पेन्सिल दिसली की दादा चुगली करायचा आणि वडील याच पट्टीने त्या हातावर मारायचे. मी उजव्याने लिहायला, कापायला शिकले आणि डावा चारचौघांत आवरून ठेवायला शिकले. राग गेला असे मी खोटे लिहिणार नाही. पट्टीचे काय करायचे ते दादाने ठरवावे.

कलम ४. टीव्ही, गेमचा खोका, दोन्ही कंट्रोलर आणि गेममधली माझी लढवय्यी नातीला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तिनेच हे वेड लावले. पहिल्या दिवशी तिने विचारले, "आजी, उजव्या हातात तलवार दिली. डाव्यात ढाल देऊ ना?"

"डाव्यात पण तलवार चालते?"

"चालते. पण मग वार अडवता येत नाही, नुसता चुकवायचा. आणि डाव्या हाताचा वार कच्चा बसतो. सगळे म्हणतात, दोन तलवारी म्हणजे नुसता दिखावा."

"म्हणू दे. दे तलवार."

पहिला महिना मी रोज मेले. कारण मी दोन्ही बटणे एकदम दाबत होते. दोन्ही वार एकदम सुटायचे आणि मग दोन्ही हात रिकामे. मग हिंडूफिरू लागले आणि एकदा दुकानात अस्तर कापताना माझे माझ्याच हातांकडे लक्ष गेले. डावा पुढे सरकून कापड सपाट करतो, मागून उजवा कापतो. चाळीस वर्षे हेच चालले होते. घरी येऊन तोच ठेका धरला, आधी डावा, मागोमाग उजवा. त्या आठवड्यात मी कुणाकडून हरले नाही.

कलम ५. दुकान. मुलाला ते बंद करून तिथे त्याच्या मालाचे गोदाम करायचे होते. नातीला, म्हणजे त्याच्याच मुलीला, ते चालवायचे होते आणि मलाही तेच हवे होते. मुलगा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. "एकाहत्तर वर्षांची बाई दिवसभर तलवारी फिरवत बसते. हिने उद्या काही लिहिलं तर ते कोण मानणार?" डॉक्टरांनी मला तारीख विचारली, वजाबाक्या घातल्या, शेवटी हळूच विचारले, "ढाल घेता की नाही?"

मी तिथेच मुलाला म्हटले, "तूही खेळतोस ना? ये. मी हरले तर दुकान तुझं, आजच लिहून देते. जिंकले तर तिचं, आणि माझ्या डोक्याचा विषय कायमचा बंद."

"आई, ढालीपुढे तुझं काही चालायचं नाही."

"बघू की."

रविवारी दुपारी डॉक्टर आणि माझ्या दुकानात वीस वर्षे काजे-बटणे करणारी बाई, यांच्यासमोर तीन फेऱ्या झाल्या. पहिली मुलाने जिंकली; ढालीआड दबा धरून बसला आणि मी दमल्यावर एकच वार केला. दुसरीत मी त्याला श्वास घेऊ दिला नाही. प्रत्येक वार झेलताना ढालही थकते आणि माझे वार दुप्पट. ढाल गळून पडली. तिसरीत तो शहाणा झाला. माझा उजवा हात उठला की तेवढ्यापुरती ढाल वर, मग खाली. जन्मभर त्याने माझा उजवाच बघितलेला. मी उजवा उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्याची ढाल वर जाऊन खाली आली, तेव्हा डाव्याने त्याला आडवा केला.

काजेवालीने टाळ्या पिटल्या. मुलगा पडद्याकडे बघत राहिला. "आई, डावा कधी आला?"

"जन्मापासून होता."

त्याने कंट्रोलर ठेवला आणि माझा डावा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. "दुकान तिचं," म्हणाला. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. म्हणून दुकान, दोन्ही मशिने आणि कापण्याचे टेबल नातीला.

कलम ६. माझ्या दोन्ही कात्र्याही तिलाच. उजव्या हाताची सगळ्यांनी पाहिली आहे. डाव्या हाताची खालच्या खणात, अस्तरांच्या तुकड्यांखाली आहे. चाळिसाव्या वर्षी गुपचूप घेतली आणि फक्त शटर पाडून वापरली. नातही डावखुरी आहे. तिने ती टेबलावर ठेवावी आणि शटर उघडे ठेवून वापरावी.

बँकेत माझी उजव्या हाताची सही आहे, ती खाली करते. शेजारी डाव्या हाताची करते. ती आयुष्यातली पहिलीच आहे. अक्षर वाकडे आले तरी ती माझीच समजावी.

सही (उजवा हात)        सही (डावा हात)

साक्षीदार १: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. याच खेळात मी ढाल घेऊन यांच्याकडून चार वेळा हरलो आहे.

साक्षीदार २: काजे-बटणवाली. दोन्ही सह्या माझ्या डोळ्यांसमोर झाल्या. बाईंनी दोन पेने घेतली आणि दोन्ही एकदमच केल्या.

ठिकाण: दुकान, कापण्याचे टेबल. शटर उघडे.
दिनांक: नऊ, सोमवार, सकाळी अकरा.