किलिकितीच्या मैदानावरची अक्षरं

प्रिय फेतू,

चर्चच्या ओसरीवर चटईवर बसून वाढलेल्या आपणा सगळ्या मुलींचं दुखणं एकच आहे: आपल्याला घोकायला शिकवलं, वाचायला नाही. तक्त्यावर काठी फिरायची, आपण सुरात ओरडायचो, आणि काठी मध्येच थांबली की एकीलाही ते अक्षर ओळखू यायचं नाही. मग तीच काठी पाठीवर. सामोआभर आपल्यासारख्या बाया आहेत. भजनाचं पुस्तक हातात धरतात, पान उलटतात आणि आठवणीतून गातात.

म्हणून शाळेत खेळाचा तास माझ्याकडे आला तेव्हा मी किलिकितीत, आपल्या गावठी क्रिकेटमध्येच, शब्द घुसवले. चेंडू टोलवायचा आणि पळायचं. पलीकडच्या टोकाला करवंट्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर शब्द. मी ओरडेन तो शब्द उचलून आणला तर धाव, नाहीतर बाद. शिट्टी फुंकत संघाचा म्होरक्या नाचतो, पोरं टाळ्या पिटतात, "उचल की लवकर, म्हातारे!" म्हणून एकमेकांना डिवचतात. पुस्तक दिसलं की जांभया देणारी हीच पोरं आता दुकानातल्या डब्यांवरची नावं मोठ्यानं वाचत घरी जातात.

शाळा समितीतल्या म्हाताऱ्या तावितांनी मला भर सभेत विचारलं, "काय गं लुपे, पोरांना पळायला शाळेत पाठवतो का आम्ही? पळायला आमची डुकरं आहेत!" सगळे हसले. मी म्हटलं, "बाबा, तुमची डुकरं पळतात, पण वाचत नाहीत. तुमचे नातू आता दोन्ही करतात." तेही हसले. त्यांची मला भीती नव्हती. घाव आला तो तुझ्या घरातून. तुझ्या नवऱ्यानं रविवारी वेदीवरून सांगितलं की अक्षरं देवाची आहेत, ती पायदळी तुडवू नयेत. देवाची अक्षरं धुळीला घाबरतात हे मला नव्यानंच कळलं. आणि तू, पाद्रीबाई, बायकांच्या मंडळात म्हणालीस, "लुपेला मूल नाही, म्हणून दुसऱ्यांच्या लेकरांना रडवते." हे मला तिघींनी येऊन सांगितलं. तिघींनीही चवीनं सांगितलं.

तुझी लेक सिएनी रडत घरी आली, हे खरं आहे. पण का रडली ते तू विचारलं नाहीस.

चर्चमधल्या मुलांच्या सणाच्या रविवारी ती पांढऱ्या झग्यात उभी राहिली आणि बायबलमधला तो लांबलचक उतारा न अडखळता म्हणाली, तेव्हा अख्खं चर्च डोळे पुसत होतं. मीही. दुसऱ्या दिवशी मैदानावर ती सगळ्यांच्या पुढे पळाली. मी 'समुद्र' म्हणून ओरडले. तिनं एकेक करवंटी उचलली, प्रत्येक पुठ्ठा पाहिला आणि नुसती उभी राहिली. पोरी किंचाळल्या, "ए पाद्र्याच्या पोरी, समुद्रात बुडालीस काय?" मग तिनं हाताला येईल तो तुकडा उचलला. त्यावर 'भोपळा' होतं.

मी खेळ थांबवला, तिला फणसाच्या झाडाखाली नेलं आणि एकच पुठ्ठा समोर धरला. तिनं तो नीट पाहिला, हात जोडले आणि रविवारचा उतारा पहिल्यापासून म्हणायला लागली. अख्खा. एकही चूक नाही. मग विचारलं, "बाई, बरोबर आलं ना?" पुठ्ठ्यावर 'आई' लिहिलं होतं.

मी मान हलवली तशी ती रडायला लागली. "आईला सांगू नका," म्हणाली. मी नाही सांगितलं. मंडळात तू माझं मूल नसणं काढलंस, तेव्हाही नाही.

शुक्रवारी समिती हा खेळ बंद करायला बसणार आहे, आणि तू हात वर केलास की बाकीच्या बायका करतीलच. फेतू, तुझी लेक ऐकून पाठ करते. तुझ्या नवऱ्याच्या आवाजातून, तुझ्या ओठांवरून. तिला एक अक्षर वाचता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. शुक्रवारच्या आधी फक्त एक कर. हे पत्र तिच्यासमोर धर आणि म्हण, वाच. तिचं गुपित मी यात फोडलंय, पण काळजी करू नकोस. तिला यातलं काहीही कळणार नाही.

तुझीच,
लुपे